गुणाकार बरोबर, वॅट चुकीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरचे वीजबिल स्वतः कसे तपासावे, याविषयीचा मजकूर आणि सोबतचा तक्ता आपल्या अंकात वाचला. उपकरण किती अँपियर घेते ते पाहा, व्होल्टेजने गुणा, वॅट मिळाले. व्होल्टेजला अँपियरने भागा, रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मिळाला, असे त्यात सांगितले आहे. नववी-दहावीच्या विज्ञानात हेच शिकवतात आणि त्यात काही खोटे नाही. तरी तक्त्यातले निम्मे आकडे चुकले आहेत. गिझर, ट्यूबलाइट आणि विहिरीवरची मोटार या तिन्हींना एकच माप लावल्यामुळे ते चुकले. व्होल्टेज, विद्युतधारा (म्हणजे ते अँपियर) आणि रोध यांपैकी कोण जागेवर स्थिर आहे आणि कोण त्याच्यामागे फरफटत जाते, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता केलेला गुणाकार कॅल्क्युलेटरवर बरोबर दिसतो, मीटरवर दिसत नाही.

सूत्र चोख लागू पडते ते गिझरला. २००० वॅटचा गिझर म्हणजे २३० व्होल्टला २००० वॅट. २००० ÷ २३० = ८.७ अँपियर, आणि २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम. यातला रोध कॉइलच्या तारेचा. ती नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते आणि तापल्यावर तिचा रोध काही टक्केच बदलतो, म्हणून तो स्थिर धरायला हरकत नाही. बाकीचे सगळे व्होल्टेजवर अवलंबून. व्होल्टेज १८० वर आले तर विद्युतधारा ६.८ अँपियर आणि शक्ती १८० × ६.८, म्हणजे सुमारे १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरले आणि वॅट ३९ टक्क्यांनी, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. पुरवठ्यात ६ टक्के कमी-जास्त चालते असे धरले, तर २१६ ते २४४ व्होल्टच्या पट्ट्यात हाच गिझर १७६४ वॅटही घेईल आणि २२५० वॅटही. डब्यावरचा आकडा २००० तो २०००च.

यावरून आपल्या मजकुरात ‘व्होल्टेज कमी असेल तर बिल कमी येते’ असा निष्कर्ष काढला आहे. गिझरला तो लागू नाही. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला ०.५२ युनिट उष्णता लागते. ही पाण्याची गरज आहे, विजेच्या दाबाशी तिचा संबंध नाही. २००० वॅटने ते काम पावणेसोळा मिनिटांत होते, १२२५ वॅटने साडेपंचवीस मिनिटांत. टाकीच्या भिंतीतून उष्णता निसटायला जास्त वेळ मिळतो, म्हणून झालेच तर युनिट किंचित वाढतात. तसाच दुसरा समज: ‘क्षार बसले म्हणून गिझर जास्त वीज खातो.’ क्षारांमुळे कॉइलचा रोध बदलत नाही, त्यामुळे वॅटही वाढत नाहीत. होते इतकेच, की क्षाराच्या थराआड कॉइल पाण्यापेक्षा फार जास्त तापते आणि एक दिवस फुटते.

आता रोध मोजण्याबद्दल. मल्टिमीटरने (व्होल्ट, अँपियर, ओहम मोजणाऱ्या हातातल्या मीटरने) रोध मोजून वॅट काढा, हा सल्ला नायक्रोमच्या कॉइलपुरता चालतो. मात्र गिझरचा एमसीबी (विद्युतधारा फार वाढली की आपोआप पडणारे बटण) बंद करून आणि वीज खरोखर गेली आहे हे तपासून, कॉइलची एक वायर सोडवूनच मोजावे. नाहीतर इंडिकेटर दिव्याचा किंवा दुसऱ्या कॉइलचा रोध समांतर लागून आकडा फसवतो. मोजण्याआधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून बघावीत. तिथे ०.२ ते ०.५ ओहम दिसतात, तेवढे वजा करावेत. १००० वॅटच्या इस्त्रीला सुमारे ५३ ओहम यायला हवेत, १५०० वॅटच्या कॉइलला ३५, २००० ला २६ आणि ३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरला साडेसतरा. यापेक्षा ओहम पाचेक टक्के कमी किंवा दहाएक टक्के जास्त असले तर कोणी दचकू नये; छापील वॅटपेक्षा ५ टक्के वर आणि १० टक्के खाली जायची सूट मानकातच आहे.

तीच युक्ती जुन्या पिवळ्या बल्बवर करून पाहा. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ०.४३५ अँपियर घेतो, म्हणजे रोध ५२९ ओहम. विझलेला, थंड बल्ब मल्टिमीटरला लावला तर ४० ओहमच्या आसपास येतो. त्या ४० वरून वॅट काढले तर १३०० च्या वर जातात. मीटर खोटे बोलत नाही. टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापल्यावर तिचा रोध बारा-पंधरा पट होतो, एवढेच. रोध म्हणजे तारेवर कोरलेला आकडा नव्हे, त्या तापमानाचा आकडा आहे.

ट्यूबलाइटपाशी दुसरी गफलत होते. तांब्याच्या चोकची (विद्युतधारा आवरणाऱ्या कॉइलची) जुनी ४० वॅटची ट्यूब ०.४३ अँपियर घेते. २३० ने गुणले की ९९ येतात आणि तक्त्यात ते ९९ वॅट म्हणून छापले गेले आहेत. प्रत्यक्षात ट्यूब आणि चोक मिळून पन्नाशीच्या घरात वॅट लागतात. चोकमुळे विद्युतधारा व्होल्टेजच्या मागे रेंगाळते आणि तिचा काही भाग नुसता येरझाऱ्या घालतो, काम करत नाही. त्या ९९ ला व्होल्ट-अँपियर म्हणायचे. वॅट हवे असतील तर पॉवर फॅक्टरने (काम करणाऱ्या भागाच्या प्रमाणाने) गुणायचे, इथे तो साधारण ०.५. घरगुती मीटर फक्त काम केलेली वीज मोजतो, त्यामुळे बिलात ९९ येत नाहीत. उच्चदाबाच्या कारखान्यांचे तसे नाही; २०२० पासून महाराष्ट्रात त्यांना केव्हीएएचवर (हजार व्होल्ट-अँपियर तासांवर) बिल लागते, तिथे येरझाऱ्यांचेही पैसे पडतात. स्वस्तातल्या एलईडी बल्बचेही असेच: ९ वॅटचा बल्ब ०.०८ अँपियर घेताना दिसला, तर तो १८ वॅटचा निघाला असे समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

सगळ्यात मोठी चूक कृषिपंपाच्या ओळीत आहे आणि या पत्राचे मुख्य कारण तेच. ५ एचपीच्या थ्री फेज मोटारीची विद्युतधारा ७.५ अँपियर, व्होल्टेज ४१५, म्हणून शक्ती ३११२ वॅट, असे तिथे आहे. ५ एचपी म्हणजे मोटारीच्या दांड्यावर ३७३० वॅट मिळायला हवेत. आत ३११२ घालून बाहेर ३७३० देणारी मोटार अजून कोणी बनवलेली नाही! थ्री फेजला गुणाकारात १.७३२ (तीनचे वर्गमूळ) यावे लागते: १.७३२ × ४१५ × ७.५ = साधारण ५३९० व्होल्ट-अँपियर. त्याला ०.८२ पॉवर फॅक्टरने गुणले की सुमारे ४४०० वॅट. यातले ३७३० दांड्यावर जातात, उरलेले मोटारीच्या उष्णतेत. आता हिशेब जुळतो. काही जण तिन्ही फेजचे म्हणून ४१५ ला ७.५ ने आणि वर ३ ने गुणतात, ९३०० च्या पुढे जातात आणि मीटर बंद पडल्याची तक्रार करतात. तीनने गुणायचे असेल तर फेज आणि न्यूट्रलमधले व्होल्टेज घ्यावे, ४१५ नव्हे.

आणि हीच मोटार ‘व्होल्टेज कमी, अँपियर कमी’ हा नियम उलटा करते. गिझरच्या कॉइलला कोणाचे देणे नाही. मोटारीला विहिरीतून पाणी वर आणायचेच आहे. व्होल्टेज ३४० वर आले तरी पंपाचे ओझे जवळपास तेवढेच राहते, मग तेवढे वॅट ओढायला मोटार ९ अँपियरच्या पुढे जाते. वाइंडिंगमधली (मोटारीतल्या तारेच्या वेढ्यांमधली) उष्णता विद्युतधारेच्या वर्गाने वाढते, ७.५ चे ९.१ झाले की ती जवळपास दीडपट. संध्याकाळी डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज आणखी बसते, प्रत्येक मोटार आणखी अँपियर ओढते, त्याने व्होल्टेज अजून बसते. अशा वेळी ओव्हरलोड रिले (ठरवलेल्या अँपियरपुढे मोटार बंद करणारा) वारंवार पडतो आणि मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन रिलेचा काटा ७.५ वरून १० वर नेऊन ठेवतो. रिले पडायचा थांबतो. आठवडाभराने मोटार जळते आणि वाइंडिंग भरायला जाते. काटा मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपियरवर हवा, त्यापुढे नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटार आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या) रिले डेल्टाच्या आतल्या फेजमध्ये बसवलेला असेल, तर पट्टीवरच्या आकड्याच्या ०.५८ पट लावायचा: १४ अँपियरच्या मोटारीला ८.१. तिथे १४ लावून ठेवलेला रिले असून नसल्यासारखा.

मोटारीचा रोध मल्टिमीटरने मोजून शक्ती काढण्याचा प्रकार तर पुरता फसतो. सिंगल फेज १ एचपी मोटारीच्या रनिंग वाइंडिंगचा रोध समजा ३ ओहम आला. २३० ÷ ३ म्हणजे ७७ अँपियर, साडेसतरा किलोवॅट! चालताना ती सहा-सात अँपियर घेते. फिरणारी मोटार स्वतःच उलटे व्होल्टेज तयार करते आणि आलटत्या विद्युतधारेला वाइंडिंगचा नुसता तारेचा रोध नव्हे, तर चुंबकीय अडथळाही असतो. सुरू होताना ते उलटे व्होल्टेज नसते, म्हणून पाच-सहा पट अँपियरचा झटका बसतो.

मोटारीचा ओहममधला आकडा मग कशाला उपयोगी? दोन गोष्टींना. थ्री फेजमध्ये तिन्ही वाइंडिंगचे रोध जवळपास सारखे यायला हवेत, एक ठळक कमी आले तर तिथे आत शॉर्ट असल्याचा संशय घ्यावा. दुसरे, आतले तापमान. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. थंड मोटार ३० अंशांवर ३.० ओहम आणि तासभर चालवून बंद केल्याबरोबर ३.७५ ओहम आली असेल, तर २३४.५ मध्ये ३० मिळवायचे, २६४.५, त्याला ३.७५ ÷ ३.० म्हणजे १.२५ ने गुणायचे, आणि २३४.५ परत वजा करायचे. ९६ अंश. हात लावून ‘फार तापली’ म्हणण्यापेक्षा हे बरे. मात्र बंद केल्यावर मिनिटभरात मोजले पाहिजे.

केबलचा हिशेब मात्र शुद्ध ओहमचा आणि तो फारसे कोणी करत नाही. स्टार्टरपासून मोटारीपर्यंत ३०० मीटर ४ चौरस मिलिमीटरची चपटी तांब्याची केबल टाकली, तर तिचा रोध किलोमीटरला ४.९५ ओहम, म्हणजे एका तारेचा सुमारे १.४९ ओहम. ७.५ अँपियरला तीन तारांत मिळून २५० वॅट वाटेतच जातात आणि मोटारीला १६ व्होल्ट कमी पोचतात. पैसे वाचवायला अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर ४०० वॅट आणि २५ व्होल्ट. रोज आठ तास पंप चालला तर फरक सव्वा युनिटच्या आसपास. पण खरा तोटा त्या नऊ जादा व्होल्टचा, कारण ते आधीच बसलेल्या व्होल्टेजमधून जातात. येरझाऱ्या घालणारा भाग मोटारीजवळच पुरवायला कॅपॅसिटर लावणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे: ५ एचपीला २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे त्या येरझारीचे माप) कॅपॅसिटर लावल्यावर टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून अँपियर दाखवणारे मीटर) ७.५ ऐवजी ६.३ अँपियर दाखवतो. मोटार तेवढेच ४४०० वॅट घेते आहे, कमी झाली ती कॅपॅसिटरच्या मागच्या लाइनमधली येरझार. कॅपॅसिटर रिले आणि मोटार यांच्या मध्ये जोडला असेल, तर रिलेतूनही ६.३ च जातात. तेव्हा रिलेचा काटा तिथे आणायला हवा.

वाचकांना सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारा प्रश्न वेगळाच असतो: रोध वाढला की उष्णता वाढते की घटते? पुस्तकातली दोन्ही सूत्रे उलट बोलतात. व्होल्टचा वर्ग भागिले रोध म्हणते घटते. अँपियरचा वर्ग गुणिले रोध म्हणते वाढते. दोन्ही खरी. लाइनला थेट जोडलेल्या वस्तूला व्होल्टेज ठरलेले असते, म्हणून तिथे कमी ओहमची कॉइल जास्त तापते. पण वाटेतल्या सांध्यातून किती अँपियर जायचे हे पुढचे उपकरण ठरवते, सांधा नव्हे. तिथे रोध वाढला की उष्णता वाढणार.

गिझरची १६ अँपियरची पिन सॉकेटमध्ये ढिली बसते, पितळेवर काजळी धरते आणि तिथे ०.२ ओहम रोध तयार होतो, असे धरा. गिझरच्या २६ ओहमपुढे हा काहीच नाही, विद्युतधारा ८.७ ची ८.६ होईल, पाणी तापेल, एमसीबी पडणार नाही, कारण त्याच्या लेखी लोड वाढलेलाच नाही. पण ८.६ चा वर्ग गुणिले ०.२ म्हणजे १५ वॅट त्या पिनेच्या टोकाशी, हरभऱ्याएवढ्या जागेत. रेडिओ-मोबाइल दुरुस्तीतला छोटा सोल्डरिंग आयर्न १५ ते २५ वॅटचाच असतो. सॉकेटच्या भोकाभोवती आधी पिवळसर कडा येते, मग तपकिरी, मग प्लॅस्टिक फुगते आणि जळक्या माशासारखा वास येतो. तापलेल्या पितळेची स्प्रिंग आणखी सैल होते, रोध ०.२ चा ०.३ होतो. पिन घासून पुन्हा त्याच सॉकेटमध्ये घालणे फुकट आहे. सॉकेट आणि पिन दोन्ही बदलायची, वायरच्या टोकाला लग (धातूचे टोक) दाबून बसवायचा. ॲल्युमिनियम आणि तांबे नुसते पिळून टेप गुंडाळलेल्या सांध्याचेही हेच होते. हा रोध ओहमच्या रेंजवर मोजायला जाऊ नये. मीटरच्या टोकांचाच रोध त्याहून जास्त असतो. जाणत्या वायरमनने लोड चालू ठेवून सांध्याच्या अलीकडे-पलीकडे व्होल्ट मोजावेत. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्ट येतात. पावणेदोन व्होल्ट आले, तर ते भागिले ८.६ म्हणजे ०.२ ओहम, आणि निदान झाले.

एक्स्टेंशनच्या वायरीचेही तेच गणित. पाऊण चौरस मिलिमीटरच्या १० मीटर वायरीत जाऊन-येऊन २० मीटर तांबे, रोध ०.५२ ओहम. त्यावर २००० वॅटचा हीटर लावला तर ३९ वॅट वायरीतच. पसरलेली असेल तर ती कोमट लागते. गुंडाळून टोपलीत ठेवलेली असेल तर तेच ३९ वॅट बाहेर पडायला जागा राहत नाही आणि आवरण वितळते. अशा लोडला दीड, जमल्यास अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी.

घरच्या घरी वॅट बघायचे असतील तर सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालायची गरजच नाही. आपल्या मजकुरात मीटर अँपियरच्या रेंजवर ठेवून सॉकेटवर लावावा, असे वाक्य आले आहे. ते ताबडतोब दुरुस्त व्हावे. अँपियरच्या रेंजवर मीटर म्हणजे जवळपास सरळ तार. फेज-न्यूट्रलला टेकवताच शॉर्ट होऊन मीटर हातात फुटू शकते. त्याऐवजी विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. शेजारी ३२०० इम्पल्स प्रति युनिट असे लिहिलेले असते (काही मीटरवर १६०० किंवा वेगळा आकडा असतो). फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर धरून सगळे बंद करा; इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत राहिली तर मोजणी वाया जाते. दिवा थांबला की एकच उपकरण लावा आणि ५० लुकलुकीला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ३२०० च्या मीटरवर ५६,२५० ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात, पॉवर फॅक्टर धरून. १६०० च्या मीटरवर १,१२,५०० ला भागा. पंख्याला ५० लुकलुकींसाठी साडेबारा मिनिटे ताटकळावे लागेल, तिथे १० मोजून ११,२५० ला भागलेले पुरे.

याच पद्धतीने २००० वॅटच्या गिझरला ३१ सेकंद लागले, तर १८१५ वॅट झाले. कमी का? त्या वेळी व्होल्टेज २१९ असेल तर गिझर अगदी बरोबर आहे, वर्गाचा नियम लावून पाहा. व्होल्टेज २३२ असूनही १८१५ च येत असतील, तर कॉइलचा रोध साडेएकोणतीस ओहमच्या वर गेला आहे, मानकातल्या सवलतीच्याही किंचित पलीकडे.

टाँग टेस्टर वापरणाऱ्यांनी तो फक्त फेजच्या वायरीभोवती लावावा. दोन्ही वायरी चिमट्यात आल्या की जाणारी आणि येणारी विद्युतधारा एकमेकींना खोडतात आणि शून्य दिसते. पंख्यासारख्या लहान लोडला वायरीचे पाच वेढे चिमट्यात घेऊन आलेला आकडा पाचने भागावा. एलईडी, बीएलडीसी (कमी विजेचे, इलेक्ट्रॉनिक मोटारीचे) पंखे, इन्व्हर्टर एसी यांना ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीची विद्युतधाराही बरोबर मोजणारा) लिहिलेलाच टेस्टर हवा, साधा बराच कमी दाखवतो. आणि व्होल्टेजमध्ये २ टक्के, विद्युतधारेत ३ टक्के चूक असू शकणाऱ्या मीटरवरून तक्त्यात ‘१९८७.६४ वॅट’ छापण्यात अर्थ नाही. ती संख्या शंभर वॅटने इकडे-तिकडे असू शकते.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर कृषिपंपासमोरचे ३११२ खोडून ४४०० करावेत, ट्यूबलाइटसमोर ९९ च्या जागी ५०, आणि मोटार असलेल्या प्रत्येक ओळीतून रोधाचा रकाना काढून टाकावा. सॉकेटमध्ये अँपियरची रेंज लावण्याबद्दलचे वाक्य मात्र तक्त्याची वाट न पाहता उद्याच्या अंकात मागे घ्यावे, ही विनंती.

आपले,
दोन वायरमन व एक आयटीआय निदेशक
सोलापूर जिल्हा